बसून जेवल्याचे पैसे

बिल्ला निळा होता, प्लॅस्टिकचा, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, आणि त्याच्यावर सत्तेचाळीस हा आकडा – त्यातला चार ठसठशीत, साताचा पांढरा रंग मात्र निम्मा उडालेला. कमरेच्या पिशवीत सुपारीचं खांड चाचपताना तो वत्सलाबाईच्या बोटांना लागला आणि तिनं तो काढून तळहातावर ठेवला. सकाळची धार काढून झाली होती, एका कळशीत म्हशीची कास, स्वतःचे हात आणि दुधाचा कॅन असं सगळं भागवून झालं होतं, उरलेलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतून झालं होतं... आणि हा बिल्ला इथं कसा? हा परत दिला की गाठोडं परत मिळणार होतं. म्हणजे बिल्ला इथं आहे, तर गाठोडं तिथंच आहे. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि ते असं हातावर येऊन बसणं वेगळं.

चार दिवस झाले होते. भागवतनं, पुण्याला कंपनीत असलेल्या तिच्या थोरल्यानं, आईबापाला बोलावून घेतलं होतं आणि बायको-पोरीसह सगळ्यांना घाटाखालच्या त्या पार्कात नेलं होतं – घसरगुंड्या, पाळणे, आणि पाणी तर इतकं, की गावाकडं, शिरूरच्या बाजूला टँकरच्या पाळीत उभं राहणाऱ्या माणसानं ते बघून आधी चिडावं की आधी पाय बुडवावेत हे कळू नये. वत्सलाबाईनं आधी पाय बुडवले. चिडायचं नंतर आठवलं, तोवर नातीनं अंगावर ओंजळ उडवली होती आणि मग चिडण्यात काही अर्थ राहिला नव्हता.

दारावरच पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही, म्हणाले. बाहेरचं? गावाहून निघताना पहाटे उठून, दुधात पीठ भिजवून भाजलेल्या चौदा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा – हे बाहेरचं, तर मग घरचं कशाला म्हणायचं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. कपाटांपाशी बसलेल्या बाईनं गाठोडं घेतलं, बिल्ला दिला, आणि गाठोडं ठेवता ठेवता सहज नाकाशी नेलं.

“दुधातल्या हायत ना मावशी?”

बोलण्यावरून माणूस आपल्याकडचा हे लपत नाही. ती नेकनूरची निघाली. सायरा नाव. नवरा तिथंच गाड्या दुरुस्त करायचा.

“आमच्या शेजारच्या बायनाबाई करायच्या. सहा साल झाले खाऊन,” म्हणाली, आणि कपाटाला कुलूप लावलं.

“कावून हसायलीस एकटीच?” वत्सलाबाईचा नवरा, अर्जुनराव, गोठ्याच्या दारात उभा होता. तिनं मूठ मिटली.

“काई न्हाई.”

“अकराला मिटिंग हाय, ध्यानात हाय ना? सहलीचा इषय हाय. तू जाऊन आलीस म्हनून तुलाच इचारतील. म्हनावं, परवडत न्हाई, अन मोकळी हो. साडेतीनशे रुपये ताट. येडे झाले का लोक?”

“तुमी चार गुलाबजाम खाल्ले.”

“सात,” तो म्हणाला. “वसूल करायला नको?”

वसूल. पार्कातून परतताना सारी वाट त्यानं तो शब्द चघळला होता. सात गुलाबजाम, तीन वाट्या खीर, भजी तर मोजलीच नाहीत, आणि रात्रभर पोट धरून बसला तेही वसुलीतच धरलं. बायको ओवा देत होती तेव्हाही म्हणाला, पैसे वाया गेले न्हाईत. चांगला माणूस. अठरा हंगाम त्याच्या जोडीनं ऊस तोडला, पण कधी हात उगारला नाही की पैशापायी बोल लावला नाही. त्याच्यावर रागवायचं कारण तिला शोधूनही सापडत नसे, आणि आज तर ती शोधतही नव्हती.

बिल्ला तसाच मुठीत घेऊन ती संस्थेकडं निघाली तेव्हा ऊन माथ्यावर यायला लागलं होतं. टँकर अजून आला नव्हता. पारापासून शाळेपर्यंत ड्रमांची रांग लागली होती. गावात दूध संस्था झाली आणि तिच्या घरचा ऊसतोडीचा कोयता सुटला, ही गोष्ट वत्सलाबाई कधी विसरली नाही. पहिली म्हैस, मग दुसरी, मग बायकांसाठी राखीव असलेल्या दोन जागांपैकी एका जागेवर ती संचालक. संस्थेचं मीठ खाल्लंय आपण. त्या संस्थेत बसून चेअरमनच्या पुढं उलटं बोलायचं... आणि तेही कशासाठी, तर जेवणासाठी. दुष्काळात. लोक म्हणतील, म्हातारीला जिभेचे चोचले सुचायले.

विषय एवढाच होता. संस्थेची अभ्यास सहल निघायची होती, एक दिवस मोठी डेअरी बघायची आणि दुसऱ्या दिवशी तोच पार्क. जायचं हे ठरलं होतं. आज ठरवायचं होतं ते जेवणाचं – तिथं हॉटेलात खायचं की नेहमीसारखं शेगडी-सिलिंडर, तांदूळ-डाळ बसमध्ये टाकून न्यायचं आणि वाटेत रांधायचं.

नेहमीसारखं... दोन वर्षांमागंही अशीच सहल गेली होती. लांबच्या एका डेअरीत दुधाची पावडर करायचं यंत्र होतं, तीन मजली, म्हणे वरून दूध सोडलं की खाली पीठ पडतं. अर्जुनरावनं ते इतक्यांदा सांगितलं की वत्सलाबाईला ते पाहिल्यासारखंच वाटायचं. पाहिलं मात्र नव्हतं. सगळे आत गेले तेव्हा ती, संस्थेतली दुसरी बाई-संचालक केशरबाई आणि आणखी चौघी बसच्या सावलीला डाळ शिजवत होत्या. तिनं पाहिली ती त्या डेअरीची मागची भिंत, आणि भिंतीतला एक नळ, धो धो वाहणारा, कुणी बंदच करत नव्हतं. दुसऱ्या दिवशी धरण होतं. तिथं पोळ्या होत्या. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय बघितलं? तिनं यंत्राचं सांगितलं, अर्जुनरावच्या शब्दांत, हातवारेसुद्धा त्याचेच. मी काय खोटं बोलले? मग खरं तरी काय सांगायचं होतं – की कुठंही गेलं तरी शेगडीचा जाळ एकाच रंगाचा असतो?

आणि त्या पार्कातलं जेवण. आठवलं की अजून कानाच्या पाळ्या तापायच्या. एका लांब टेबलावर मोठमोठी भांडी मांडलेली, आणि माणसं रांगेनं जाऊन आपल्याच हातानं वाढून घेत होती. आलेल्या माणसानं हातानं वाढून घ्यायचं? वाढणारं कुणी मेलं का या घरात? असा प्रसंग तिनं फक्त एकदा, भांडण झालेल्या एका लग्नात पाहिला होता. तिचा हात आपोआप डाळीच्या डावाकडं गेला. अर्जुनरावला वाढलं, भागवतला वाढलं, सुनेला, नातीला. नातीच्या मागं एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांनी ताट पुढं केलं, मग त्यांनाही वाढलं. त्यांच्या मागं एक बाई... “थोडी आणखी.” आणखी घाला. भात घेतला नाही तुम्ही, घ्या. अकरा माणसांना तिनं वाढलं, कुणाला नावागावानं ओळखत नव्हती, आणि हात चालू होता तोवर तिला त्या थंडगार काचेच्या दालनात अगदी घरच्यासारखं वाटत होतं. मग सून धावत आली, “आत्याबाई, अहो काय करताय,” आणि तिच्याही आधी तिथला वाढपी पोचला. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या, डोक्यावर कागदी टोपी. त्यानं तिच्या हातातला डाव काढून घेतला, हिसकावला नाही, काढून घेतला.

“हे माझं काम आहे, मावशी. तुम्ही बसा.”

ती बसली. समोर अर्जुनराव गुलाबजामांशी झटत होता. आणि ताटात एक पोळी येऊन पडली, तव्यावरून आताच उतरलेली, वाफ कोंडून फुगलेली. बोट लावलं तर चटका बसला. ती संपते न संपते तोच दुसरी. मागं वळून बघितलं तर तोच मिशीवाला. वत्सलाबाईला त्या क्षणी जे वाटलं ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. गरम पोळी, एवढंच. पण करणारीच्या ताटात गरम पोळी कधी येते? सगळ्यांचं झाल्यावर ती बसते, तेव्हा तवा निवालेला असतो. उसाच्या फडावर पहाटे तीनला भाजलेली भाकरी ऊन चढल्यावर मोळीवर बसून खायची, ती तर कडक झालेली असायची... लग्नाआधी, माहेरी, आई चुलीपुढं असताना खाल्ली असेल शेवटची. चाळीस वर्षं झाली. इतक्या दिवसांत मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या पोळीनं वाटलं, आणि वाईट वाटता वाटता इतकं बरं वाटलं, की चौथी पोळी भूक नसताना घेतली.

परवडलं का? तिनं मनाशी साडेतीनशे रुपये मांडून पाहिले. तेवढ्यात पेंडीचं किती येतं, ते तिला तोंडपाठ होतं. नाहीच परवडत. अर्जुनराव खोटं बोलत नाही.

आणि मग गाठोडं. संध्याकाळी बाहेर पडताना सगळे थकले होते, नात बापाच्या खांद्यावर झोपली होती. कपाटांपाशी सायरा उभी होती, तिनं हसून मान हलवली. वत्सलाबाईचा हात कमरेच्या पिशवीपर्यंत गेला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. मग हात परत आला. विसरले की ठेवलं? दुसऱ्या दिवशी एसटी पाथर्डीला थांबली तेव्हा अर्जुनरावनं विचारलं, दशम्या काढ की. ती म्हणाली, राहिल्या. तो चकित झाला, कारण अठरा हंगामांत भाकरीचं फडकं कधी मागं राहिलं नव्हतं. सायरानं उघडलं असेल का? की नियम म्हणून तसंच ठेवलं असेल? उघडलं असेल. दुधाच्या दशम्यांचा वास कुलपाला ऐकत नाही.

संस्थेच्या खोलीत पंखा फिरत होता, पण वारा गरम होता. दुधाचं फॅट मोजायच्या यंत्राशेजारी टेबल, टेबलामागं चेअरमन सुंदरराव, आणि भिंतीकडेनं खुर्च्या. केशरबाई आधीच येऊन बसली होती.

“हे बघा,” सुंदरराव म्हणाले, “बेचाळीस मानसं हायत. हॉटेलात खायचं म्हनलं तर पंधरा हजार नुसत्या एका वक्ताचे. पेंडीचा भाव बघा, चाऱ्याचं बघा. आता पान्यात खेळायला जातूय, त्याच्यावरच लोक नावं ठेवतेत. म्हनून म्हनतो, शेगडी घेऊ, तांदूळ घेऊ, मागल्यासारखं. बायका हायतच की.”

माणसं माना हलवत होती. बोलणं खरं होतं, आणि वाईट बुद्धीनं बोललेलं नव्हतं. सुंदरराव तसे सरळ. बायका हायतच की, हे ते ‘बस हाय की’ म्हणावं तशा आवाजात म्हणाले.

“पार्कात बाहेरचं खानं आत नेऊ देत न्हाईत,” वत्सलाबाई म्हणाली.

“मग गाड्या लावतेत तिथं रांधू. तुमी आतमधी काय करनार, घसरगुंडी खेळनार का?”

सगळे हसले. तीही हसली, कारण ती खेळली होती. एकदाच, सर्वात छोटीवर, नातीला पोटाशी धरून, लुगडं पार भिजलं होतं. हेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात चाँदच्या हॉटेलातून चहा आला. आणणाऱ्यानं किटली टेबलावर ठेवली, पेल्यांची चळत शेजारी ठेवली आणि तो गेला. सहा वर्षं हे असंच चाललं होतं; किटली आली की दोघींतली एक उठायची आणि चहा वाटायची, कुणी सांगत नसे, सांगायची गरज नसे. बहुतेक वेळा वत्सलाबाईच उठायची. तिला ते आवडायचंही. अकरा पेले भरताना निदान हातांना काम असायचं, बोलावं लागायचं नाही.

“तर वत्सलाबाई,” सुंदरराव म्हणाले, “तुमी खाऊन आलात. सांगा सगळ्यांला. साडेतीनशे रुपयांत असं काय हाय त्या जेवनात? परवडतं का?”

तिनं मूठ मिटली. बिल्ल्याची कड तळहाताला लागली. असं काय होतं? डाळ पातळ होती. भात बरा होता. भाजीत साखर होती. खरं सांगायचं तर तिच्या हातची डाळ त्याहून कितीतरी चांगली, त्या अकरा अनोळखी माणसांनासुद्धा ते कळलं असतं... पोळी गरम होती, असं सांगितलं तर हे हसतील. आणि हसले तर हसू दे, पोळी गरमच होती.

सगळे तिच्याकडं बघत होते, आणि थोडे किटलीकडंही. शेजारी केशरबाईनं गुडघ्यावर हात टेकला, उठायला. वत्सलाबाईनं तो हात धरला आणि तसाच, तिच्याच गुडघ्यावर, दाबून ठेवला. केशरबाईनं तिच्याकडं पाहिलं. उठली नाही.

किटलीच्या तोटीतून वाफ येत होती. ती हळूहळू बारीक होत चालली. कुणीतरी घसा खाकरला. चहा निवतोय, वत्सलाबाईच्या मनात आलं, आणि निवू दे, असंही आलं, मागोमाग, कसलाही राग न येता. काय बोलायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. पण पाय जमिनीला टेकलेले होते, पाठ खुर्चीला लागलेली होती, आणि बसल्या जागी सुचेल, असं तिला वाटत होतं.