मला वाचायचं तर सगळ्यांनी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला गोड बोलता येत नाही. माझा जन्मच मुळी तोंडावर 'नाही' म्हणण्यासाठी झाला. आमच्या देवळाली प्रवरेत गहिनीनाथ नावाचा पेंटर होता. टेम्पोच्या पाठीवर मोर काढायचा, शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायचा. त्याने तेलाचा रिकामा डबा कापला, ठोकून सरळ केला, त्याला पिवळा रंग दिला आणि लाल अक्षरांत लिहिलं, 'आज रोख, उद्या उधार'. रंग कुठल्याशा टेम्पोचा उरलेला होता, पण अक्षर असं ठसठशीत, की एसटीत बसलेल्यालाही वाचता यावं.

गोरक्षनाथ शेठने मला आपल्या किराणा दुकानात गल्ल्याच्या वर टांगलं. नव्याचे नऊ दिवस होते. गिऱ्हाईक आत आलं की मला वाचायचं, हसायचं आणि खिशात हात घालायचं. एखादा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचा, "शेठ, आज उद्या झाला की." शेठ म्हणायचा, "पाटी पुन्हा वाच." सगळे हसायचे. मलाही आपण मोठं काम करतोय असं वाटायचं.

पण माझं खरं काम काय, ते लवकरच कळलं. ऊसवाले बागायतदार यायचे, तेलाचे डबे, तांदळाची पोती उचलायचे आणि "कारखान्याचं बिल निघालं की देतो" म्हणून चालायला लागायचे. बँकेतले साहेब चेक फाडून द्यायचे, तो शेठ दोन्ही हातांनी घ्यायचा. तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मात्र मजुरीवरची बाई "शनवारपतोर थांबा" म्हणाली, की शेठची पेन्सिल लगेच माझ्याकडे वळायची. म्हणजे मी होते ती फक्त गरिबाला दाखवायला. मला त्याची चीड यायची, आणि खोटं कशाला बोलू, अजून येते.

एके दिवशी राहीबाई आली. ती बौद्धवस्तीतली. खुरपणीला जायची, आठवड्याच्या बाजारात अंडी विकायची. तिचा नवरा बन्सी कारखान्यावर हंगामापुरता कामाला होता आणि हंगाम संपलेला होता. घरी अचानक पाहुणे आलेले. तिने दोन किलो तांदूळ आणि पाव किलो तेल मागितलं, बाजार झाला की पैसे देते म्हणाली. शेठची पेन्सिल वर गेली. राहीबाईने मला वाचलं आणि ती बाजूला झाली. तेवढ्यात कानिफनाथ भाऊंचा टेम्पो दारात लागला. कानिफनाथ म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे संचालक. त्यांच्या गड्याने महिन्याचा किराणा भरला. टेम्पोतूनच भाऊ म्हणाले, "मांडून ठेव रे," आणि टेम्पो गेला.

राहीबाई तिथेच उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "शेठ, ही पाटी कुनासाठी हाय?"

"सगळ्यांसाठी."

"मग भाऊंना वाचता येत न्हाई व्हय?"

दुकानातली माणसं फिसकन हसली. शेठचं तोंड उतरलं. "त्यांची गोष्ट येगळी हाय, राहीबाई."

"काय येगळी, तेवढं सांगा. आमी रोख देतो, ते उधार नेत्यात, आन भाव दोघांना येकच. म्हंजे त्यांच्या उधारीचं याज तुमी आमच्याच डाळीत घालताय."

शेठ तराजू पुसायला लागला. ती रिकामी पिशवी घेऊन निघून गेली. मला त्या दिवशी खिळ्यावरून उडी मारून तिच्यामागे जावंसं वाटलं, पण पाटीला पाय कुठले.

दिवाळीच्या साफसफाईत शेठने नवी प्लास्टिकची पाटी आणली आणि मला दुकानामागे भंगारात टाकलं. वर्षभर ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, कडा गंजल्या. आणि मग राहीबाई परत आली. तिने भिशीचे पैसे उचलले होते, रस्त्याकडेच्या आपल्या खोलीत किराणा मांडायचं ठरवलं होतं. शेठला म्हणाली, "ती जुनी पाटी द्या."

"ने की. भंगारच हाय."

"फुकट नको. काय ते सांगा." तिने कनवटीची पाच रुपयांची नोट काढून गल्ल्यावर ठेवली. त्या दुकानात माझ्यासाठी कुणी रोख पैसे मोजलेले ते पहिल्यांदाच. मी तिच्या काखेतून निघाले ती ताठ मानेने निघाले.

आता तुम्हाला वाटेल, मग काय, आनंदीआनंद झाला असेल. कसला आलाय आनंद. गावातली माणसं "त्या वस्तीतल्या दुकानातून जिन्नस घ्यायचा?" म्हणून नाक मुरडायची. वस्तीतली माणसं यायची, पण त्यांचं दुखणं दुसरंच. बनुबाई तिची चुलत जाऊ. तिने तर सुनावलंच, "आपल्या मानसालाबी पाटी दावतीस व्हय गं? शेठ परीस तू काय येगळी झालीस?"

खरं सांगते, हे मला लागलं. गरिबाचं पोट हातावर असतं, त्याला सांभाळून घ्यायला नको? राहीबाईलाही लागलं. पण तिने बनुबाईला दिलेलं उत्तर मी विसरणार नाही. "उधार दिलं तर महिन्याभरात दुकान बुडंल, मग तुला पुन्हा शेठच्याच दारात जावं लागंल. तुझ्याकडं आज किती हायेत?" बनुबाईने मूठ उघडली. त्यात होते पाच रुपये. "मग पाच रुपयाचं तेल ने. शेठ पाव किलोच्या खाली तेल देत न्हाई, मी देते. भावबी कमी लावते, कारन मला कुनाची उधारी सोसायची न्हाई." तेव्हापासून तिच्याकडे मूठभर डाळ, चमचाभर चहा, अर्धी साबणाची वडी, काय वाट्टेल ते मिळायचं. फक्त पैसे आजचे हवेत. वस्तीची कुरकुर बंद झाली. स्वस्त म्हटल्यावर गावातल्याही काही बायका पदर सावरत येऊ लागल्या.

इकडे गोरक्षनाथ शेठची उधारी एवढी वाढली, की नगरच्या ठोक व्यापाऱ्याने त्याला माल देणं थांबवलं. त्याचे डबे रिकामे पडले. आणि कानिफनाथ भाऊंच्या मुलीचा, मोनिकाचा, साखरपुडा ठरला. भाऊंचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला. या वेळी भाऊ स्वतः खाली उतरले.

"राही, तांदूळ, तूप, डाळ, रवा, जे लागंल ते गडी सांगंल. मांडून ठेव."

दुकानात चार बायका होत्या. सगळ्यांचे हात थांबले. राहीबाईने बोट वर केलं आणि माझ्याकडे दाखवलं. मित्रांनो, एवढ्या मोठ्या माणसाला मला दाखवायची हिंमत त्या आधी कुणी केली नव्हती. पत्र्यावर काटा येतो का ते मला माहीत नाही, पण मला काहीतरी झालं.

भाऊ हसले. "बरं बाई. चेक घे." त्यांनी चेकबुक काढलं, झोकात सही केली. राहीबाईने चेक हातात घेऊन वाचला. तिने राहुरीच्या बँकेत नुकतंच खातं काढलं होतं. तिने चेक परत केला.

"भाऊ, तारीख पुढच्या महिन्याची हाय."

"मग? बिल तवाच निघतंय. माझ्या चेकवर इस्वास न्हाई का तुझा?"

"चेकवर हाय. आजची तारीख टाका, आत्ता पोती चढवते. पुढची तारीख म्हंजे उधारीच की, निस्ती कागदावरची."

भाऊंचा चेहरा लाल झाला. "लई माज आला का? उद्यापासून गावातलं एक मानूस तुझी पायरी चढनार न्हाई, बघ तू."

"नका चढू," राहीबाई म्हणाली. "पायरी माझी हाय आन पाटीबी माझी हाय. मी दुसऱ्याच्या जमिनीवर दुकान मांडलं न्हाई."

टेम्पो रिकामा गेला. भाऊंचा शब्दही खरा झाला. गावातलं कुणी फिरकेना. रवा उन्हाळ्यात किडायला लागला, भिशीचा हप्ता भरायचा होता, तो हप्ता चुकला तर दुकान संपलंच. बन्सी हात जोडून म्हणाला, "काढ ती पाटी. भाऊंकडं जाऊन ये. मान वाकवली म्हनून तुटत न्हाई." राहीबाईने स्टूल घेतलं, मला खाली काढलं. संपलं आपलं, असं मला वाटलं. पण तिने फडक्याला रॉकेल लावलं, माझा गंज घासून काढला आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावलं. बन्सीने स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

आणि मग भर दुपारी, सगळा रस्ता बघत असताना, एक बाई पिशव्या घेऊन आमची पायरी चढली. ती होती भागिरथी, कानिफनाथ भाऊंची बायको. तिच्यामागे घरचा गडी हातगाडी घेऊन उभा.

राहीबाई उठून उभी राहिली. "वहिनी, तुमी?"

"डेअरीच्या दुधाचा पगार माझा असतोय, त्यांचा न्हाई," भागिरथी म्हणाली आणि नोटा गल्ल्यावर ठेवल्या. "पोरीच्या साखरपुड्याचं मोज. ते म्हनाले गावातलं कुनी चढायचं न्हाई. मी काय गावाबाहेरची हाय?"

राहीबाईने मापं घेतली. एकेक माप बरोबर होतं. हातगाडी भरून गावातून गेली, आणि संध्याकाळपासून गाव परत यायला लागलं. कानिफनाथ भाऊ अजूनही येत नाहीत. त्यांचा गडी येतो, चेक आणतो. राहीबाई आधी तारीख वाचते, मग तराजूला हात लावते.

तर मित्रांनो, पैसे नोटांनी द्या, चेकने द्या, नगरला कसलीशी कार्डं निघालीत म्हणतात, हवं तर त्याने द्या. मला त्याचं काही नाही. माझी मागणी एवढीच, की माझ्या कडांना गंज लागू देऊ नका, मला पुसत जा, अधूनमधून रंगाचा एक हात द्या. आणि मोठ्या माणसाला 'नाही' म्हणायची छाती नसेल, तर मला खिळ्याला टांगू नका, भंगारात टाका. तिथे मी निदान खोटी तरी ठरणार नाही.