दारावरची खोटी साक्ष

मी स्ट्रुअनचं ऑफिसचं कार्ड बोलतोय. डंडी शहरातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत तो पडद्यावरच्या माणसांना चालायला, धावायला, पडायला शिकवायचा. दारावरच्या यंत्राला टेकवलं की मी एकच वाक्य बोलायचो: स्ट्रुअन आला.

दोन वर्षं तो घरूनच काम करत होता. मग फर्मान निघालं: आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात, दोन घरी. त्याच्या टीममधली निम्मी माणसं दुसऱ्या शहरांत. म्हणजे ऑफिसात येऊनही कानाला हेडफोन लावून पडद्याशीच बोलायचं. याला म्हणे एकत्र काम करणं म्हणतात!

त्याच सुमारास डॉक्टरांनी त्याच्या बायकोचे, कट्रिओनाचे, थोडेच महिने उरल्याचं सांगितलं.

"तिच्या उशाशी बसून सगळं काम करतो. एकही तारीख चुकवणार नाही," तो साहेबाला, मर्डोला, म्हणाला.

"नियम सगळ्यांना सारखा, बाबा. यंत्र मोजतं, मी नाही."

हजेरी भरली नाही तर नोकरी जाणार होती. शेजारच्या टेबलावरच्या इश्बेलने हात पुढे केला. "आण ते कार्ड. काम तू कर, दाराला तोंड मी दाखवते."

"पकडली गेलीस तर?"

"तुझ्या फोटोपेक्षा मी बरी दिसते, एवढंच कळेल."

एकतीस सकाळी तिने आधी स्वतःचं कार्ड टेकवलं, मग मला. एकतीस वेळा मी खोटं बोललो. तेवढ्या सकाळी कट्रिओनाने नवऱ्याच्या हातचा चहा घेतला; शेवटी शेवटी चमच्याने.

ती गेली. दफनाच्या दिवसाची स्ट्रुअनची रजा मर्डोनेच मंजूर केली. तिकडे जवळची माणसं दोर धरून शवपेटी कबरीत सोडतात; प्रत्येकाला दोराचा आकडा मिळतो. चौथा दोर इश्बेलला दिला होता. तो आकडा लिहिलेलं छोटं कार्ड तिच्या खिशात माझ्याशेजारी होतं. सकाळचे दोन तास भरून मगच तिला जायला मिळणार होतं. काळे कपडे, सुजलेले डोळे. दाराशी हात सवयीने चालला: आधी ती, मग मी.

दुपारी मर्डोही कबरीपाशी उभा होता. त्याने स्ट्रुअनचा खांदासुद्धा दाबला. सोमवारी नोंदी तपासल्या, तर रजेवरचा स्ट्रुअन दफनाच्या सकाळी इश्बेलच्या मागोमाग 'आला' होता. दोघांना काढलं.

आता मी मर्डोच्या खणात आहे, पुरावा म्हणून. त्या एकतीस सकाळी स्ट्रुअन जिथे असायला हवा तिथेच हजर होता. ते मोजणारं यंत्र कुठल्याच दारावर नाही. मला खुशाल कापा. पण इश्बेलला खोटारडी म्हणू नका. 'स्ट्रुअन आला' हे मी म्हणालो होतो.