अंगठ्याला लाल टॅग

बाबारावांनी सुनेला शब्द देऊन ठेवला, आणि तोही फोनवर, अख्ख्या घराच्या देखत. सून ऐश्वर्या दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी, नागपूरला गेलेली. "तू बाळ घेऊन येशीन ना, तवा पोरीचा अंगठा सुटलेला राहीन," असं ते म्हणून बसले. पोरगी म्हणजे त्यांची नात समृद्धी. साडेचार वर्षांची झाली तरी अंगठा आपला तोंडात. पुढचे दात बाहेर येऊ लागले, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रागावू नका, हळूहळू सोडवा. आता ज्या माणसाने सारी उमर भिलाईच्या प्लांटात मेंटेनन्स केलं, त्याला हळूहळू कसं सुचावं? बिघाड दिसला की पाना काढायचा, एवढंच बाबारावांना ठाऊक.

आधी त्यांनी कडुनिंबाचा पाला वाटून लावला. समृद्धीने तोंड वेडंवाकडं केलं, स्वयंपाकघरात गेली आणि अंगठा गुळाच्या डब्यात खुपसून आली. मग कारल्याचा रस झाला. तो तिने नीट चाखला आणि म्हणाली, "आबाजी, मीठ कमी आहे." तिची आजी कलावतीबाई पदरात तोंड लपवून हसल्या. बाबारावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटी त्यांनी कपाटातून जुने लाल टॅग काढले. प्लांटात एखादं मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचवर असा टॅग बांधतात, काम चालू आहे, हात लावायचा नाही. आणि नियम असा की ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. दुसऱ्याने त्याला शिवायचंही नाही, मग तो केवढाही मोठा साहेब असो. हे सगळं बाबारावांनी नातीला समोर बसवून समजावलं आणि एक टॅग तिच्या अंगठ्याला बांधला. इथेच गडी फसला. मशीनला काही समजावलं तर ते विसरतं तरी, पोरं विसरत नाहीत.

दुपारी जेवण झालं आणि बाबारावांचा हात खुंटीवरच्या सदऱ्याकडे गेला. खिशात खर्र्याची पुडी असायची, तंबाखू-सुपारी चुन्यात घोटलेली, त्यांचा जीव की प्राण. पुडी होती, पण तिला लाल टॅग होता, आणि दोऱ्याला गाठीवर गाठी.

"हे कोनं केलं?"

"मी. काम चालू आहे," समृद्धी म्हणाली.

"सोड बरं लवकर."

"मी बांधला ना, तर मीच सोडणार. रूल तो रूल है, आबाजी."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," कलावतीबाई भांडी आवरता आवरता बोलल्या. पुढचं बोलायची गरजच नव्हती.

बाबारावांना दोरा तोडता आला असता. पण दुसऱ्याचा टॅग त्यांनी जन्मात कधी तोडला नव्हता, आणि आता नातीसमोर तोडायचा? कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून नवी पुडी आणावी म्हणून चपला घालायला गेले, तर चपलांनाही टॅग. दारापुढच्या ओट्यावर येऊन बसले. शेजारी समृद्धी. दोघंही सारखी चुळबुळ करत होती.

तेवढ्यात ऐश्वर्याचा व्हिडिओ कॉल आला. बाळ दाखवलं, पापी दिली, फोन ठेवला. आईसमोर समृद्धी छान हसली. फोन बंद झाला आणि तिचा ओठ थरथरायला लागला. अंगठा वर गेला, टॅग ओठाला लागला, अंगठा खाली आला.

"आबाजी, तुमी खर्रा कावून खाता?"

बाबाराव आधी खेकसणार होते. मग खरं तेच बोलले. "रिटायर झाल्यापासून दुपार सरत नाही, माय. घर खायले उठते."

"मले पण. आई नाही ना, तर इथे दुखते." तिने टॅगवाला अंगठा छातीवर टेकवला. "अंगठा घेतला की कमी दुखते."

बाबारावांना उमगलं. आपण ज्याला बिघाड समजून हातोडे मारत होतो, ती तर पोरीने आपली आपण केलेली दुरुस्ती होती. गेला तो शब्द खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी तिच्या अंगठ्यावरची गाठ सोडली.

"काम झालं?" तिने संशयाने विचारलं.

"नाही झालं. राहू दे. दुखलं की मले सांगत जाय फक्त."

ती अंगठा तोंडात घालून त्यांच्या मांडीवर झोपली. बाबारावांना तलफ आली, पण पुडीला टॅग आणि टॅगवाली झोपेत. ते तसेच बसून राहिले. ती उठल्यावर त्यांनी पुडी मागितली, तर म्हणाली, तुमचं काम चालू आहे. दुसऱ्या दिवशीही हेच. ते चिडले, रुसले, कलावतीबाईंकडे तक्रार करून आले. समृद्धी शेजारी बसून विचारायची, "दुखते का, आबाजी?" आणि त्यांचा हात धरून ठेवायची. हात असा गुंतला की दिवसा तिला अंगठ्याची आठवण राहत नसे.

महिनाभराने ऐश्वर्या बाळाला घेऊन आली. दारातच तिने विचारलं, "बाबा, सुटला का हिचा अंगठा?"

बाबाराव चपलांकडे बघू लागले. समृद्धीच पुढे झाली.

"माझा रात्री लागते अजून," ती म्हणाली. "पण आबाजीचा खर्रा सुटला. लय त्रास देला त्यायनं मले."