हँगरला टांगलेली व्हॅन

शिंपीकाकांची व्हॅन त्यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान, पण तोरा नवरदेवाचा. पायरी इतकी उंच की काकूंच्या दुखऱ्या गुडघ्याने शेवटी हात टेकले. "गाडी खाली आणा, नाहीतर विकून टाका," असं काकूंनी एकदाच सांगितलं. त्या दुसऱ्यांदा सांगत नसत, हीच तर काकांची पंचाईत.

म्हणून त्यांनी गाडी बुटकी करणाऱ्या स्प्रिंगांचा संच मागवला. "चार बोल्ट तर आहेत, चहा निवायच्या आत बसवतो," म्हणाले. चहाच काय, जेवणही निवलं. गंजक्या बोल्टांनी त्यांच्या नाकी नऊ आणले. अखेर जॅकवर टांगलेल्या गाडीचा शेवटचा बोल्ट त्यांनी जीव खाऊन आवळला आणि गाडी ऐटीत जमिनीवर उतरवली. उतरली कसली, पहिल्यापेक्षा बोटभर उंचच उभी राहिली. आता ही विकावी लागणार, या विचाराने काकांना खरंच रडू आलं.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. "चाकं लोंबत असताना आवळलंत ना?" तो म्हणाला. "मग सांध्यातलं रबर तिथेच अडून बसणार. सगळं ढिलं करा, चाकं जमिनीवर टेकवा, आत माणूस बसवा आणि मग आवळा."

काकू दारातून ऐकत होत्या. "गिऱ्हाईकाला हँगरला टांगून माप घेता का कधी?"

काकांनी कपाळावर हात मारला. गिऱ्हाईक समोर उभं केल्याशिवाय त्यांनी जन्मात पँटची पट्टी दुमडली नव्हती.

बोल्ट ढिले करून, शेजाऱ्याला हाक मारून ते मागच्या चाकाशी आडवे झाले. थोड्या वेळाने दार वाजलं, कोणीतरी कण्हत आत चढलं. गाडी करकरली आणि अलगद खाली बसली. काकांनी भराभर बोल्ट आवळले.

"उपकार झाले हो," म्हणत ते उठले, तर आत काकू गुडघा दाबत बसलेल्या.

"अगं, तू? चढलीस कशी?"

"दुखलं, तशीच चढले. शेजारी घरात नाहीत."

"म्हणजे गाडी विकायची नाही?"

"तुम्ही एकटेच हिंडून येता आणि मी खिडकीत बसते, म्हणून विका म्हटलं. गाडीने माझं काय घोडं मारलंय?"

इतके दिवस हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याची काकांना लाज वाटली. ते हात पुसत नुसतेच उभे राहिले.

"उभे काय राहिलात? किल्ली आणा," काकू म्हणाल्या. "मी आता उतरणार नाही."