मरताना मिळालेली सवड

थोरल्या सुनेची विद्यापीठातली नोकरी त्या दुपारी कायम व्हायची की जायची, ते ठरणार होतं. आणि परीक्षक यायला थोडाच वेळ उरला असताना तिच्या पायाखालची जमीन सरकली.

तिची सगळी विद्या एका गोष्टीवर उभी होती. तीन मशिनींनी, म्हणजे संगणकांनी, मिळून कारभार सांभाळायचा. दोघींचा होकार पडला की काम पक्कं. मग एखादी मेली तरी दिलेला शब्द मोडायचा नाही. यावरचा तिचा निबंध गाजला होता, तिची रीत लोकांनी उचलली होती. आज परीक्षकांपुढे तिला मशिनींकडून सभागृहातल्या खुर्च्या वाटून दाखवायच्या होत्या. रंगीत तालमीत, घाईघाईत, तिने मधल्या मशीनची वायरच उपटली. पुन्हा जोडली. मशीन उठली, आणि एकाला दिलेली खुर्ची निर्लज्जासारखी दुसऱ्याला देऊन मोकळी झाली.

"भावोजी, चाचणीत मशीन कशी मारत होता तुम्ही?"

दीर तिच्याच विभागात मशिनी सांभाळायचा; एखादी मुद्दाम बंद पाडून चाचण्याही तोच घ्यायचा. "कशी म्हणजे? रीतसर. बंद हो म्हणायचं, ती सगळं आवरून, लिहून ठेवून झोपते. वायर उपटायला मी काय कसाई आहे?"

"अहो, मरण सांगून येतं का? आवरायला सवड मिळाली की कुणीही शहाण्यासारखं मरतं!"

दिराचं तोंड एवढंसं झालं. पण चूक तिची होती. शब्द आधी लिहायचा, मग द्यायचा. तिच्या प्रोग्रॅममध्ये मशीन आधी शब्द द्यायची आणि लिहायची ती बंद होताना. दिराच्या भलेपणाखाली ते इतके दिवस झाकून गेलं होतं.

"वहिनी, आजही रीतसरच मारू. नोकरी पक्की झाली की करा दुरुस्ती सावकाश."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"आजचा दिवस तर राहील! या नोकरीपायी दादाने दोनदा बिऱ्हाड हलवलंय. पोरीची जुनी शाळा सुटली. त्यांना काय सांगाल?"

तेवढ्यात दार उघडून परीक्षक आत आले, खुर्च्या सरकवून बसले. मशिनींनी खुर्च्या वाटायला घेतल्या. मधली रीतसर बंद करायला दीर कळफलकावर बोट ठेवून तिच्याकडे बघत राहिला. नुसती मान हलवायची होती.

ती उठली, मशिनीमागे गेली आणि वायर ओढली. पुन्हा जोडली.

पडद्यावर एकाच खुर्चीवर दोन नावं आली.

"हे असं व्हायला नको होतं," वयस्कर परीक्षक म्हणाले.

"नको होतं. पण घडतं. निबंध मागे घेते, आजच कळवते सगळ्यांना."

"मग तुम्हाला कायम करायचा ठराव आज मांडता येणार नाही, बाई. पुढचंही सांगता येत नाही."

"माहीत आहे."

ते गेले. दीर मशिनी रीतसर बंद करायला वळला.

"राहू द्या, भावोजी. आधी तुमच्या दादांना फोन लावा. मीच बोलते."