पाठीला ऊब, तोंडाला बर्फ

मी एक जुना नमदा आहे, मित्रांनो, लोकरीचा जाड गालिचा. गाडीच्या नाकावर बांधलेला. हसू नका. मला राग पटकन येतो.

नमदा विणत नाहीत. लोकर पिंजायची, पसरायची, वर उकळतं पाणी ओतायचं, गुंडाळी करायची, आणि मग आळीतल्या सगळ्या बायकांनी मिळून त्या गुंडाळीला लाथा घालायच्या. लोकर घट्ट होईपर्यंत. माझा जन्मच लाथांमधला, त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची फार आशा ठेवू नका.

मला केलं झुराकाननं. तिचं घर नारीन शहराच्या बाजूला, डोलोन घाटाच्या अलीकडे. तिनं एक काळा थर आणि एक लाल थर एकावर एक ठेवले, वर खडूनं मेंढ्याची वळलेली शिंगं काढली आणि एकाच सुरीनं दोन्ही थर कापले. काळ्यातली शिंगं लालमध्ये बसवली, लालमधली काळ्यात. असे आम्ही जुळे झालो. काळ्या शिंगांचा तो लाल भाऊ घरातल्या भिंतीवर गेला. मी, म्हणजे लाल शिंगांचा काळा, पेटीत गेलो. झुराकानची लेक बेगाइम, तिच्या रुखवतात मी जाणार होतो.

माझ्या काठाला पांढरा दोरा बेगाइमनं स्वतः घातला. तेव्हा ती लहान होती. एका शिंगापाशी तिला सुई टोचली आणि टाका वाकडा पडला. आई म्हणाली, "उसव तो." ती म्हणाली, "उसवते की." उसवला नाही. अजून आहे.

पेटीत मी वाट बघत पडलो होतो. अंधारात मेंढ्यांची स्वप्नं पडायची. उंच कुरण, ओलं गवत, आणि मी एकच नाही तर कितीतरी मेंढ्यांच्या पाठीवर पांगलेला. छान वाटायचं. पण एकदाचं काय ते बाहेर काढा, असंही वाटायचं.

बाहेर आलो, पण भलत्याच कारणानं.

बेगाइमला घाटापलीकडचा एर्मेक आवडायचा. कोक-बुलाक गावचा, घोडे राखणारा. त्याच्या घरच्यांनी येऊन मुलीच्या कानात कुंडलं घालायची आणि मागणी घालायची, अशी रीत. ते निघाले तर घाट बर्फानं बंद. पुन्हा निघाले तर एर्मेकचा बाप आजारी. मग झुराकानचा नवरा सागिनबाय म्हणाला, "दोनदा नाही आले म्हणजे यायचंच नाहीये त्यांना. विषय संपला." सागिनबाय लांबच्या पल्ल्याची मालाची गाडी चालवतो. त्याचा विषय संपला की घरात सगळ्यांचा संपतो.

बेगाइमचा नाही संपला. ती निघाली. आणि कशी निघाली, तर घाट चढणाऱ्या एका गाडीत बसून. ती गाडी होती जोलदोशची. जोलदोश म्हणजे सागिनबायचा जुना दोस्त आणि त्या रस्त्यावरचं सगळ्यात मोठं तोंड. बापाला कळायच्या आधी चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळलं.

"सागिन, तुझा माल पोचवला रे मी," जोलदोश सगळ्यांसमोर म्हणाला. "जसाच्या तसा. एक ओरखडा नाही!"

सगळे हसले. गाडीवाल्याची लेक दुसऱ्याच्या गाडीतून गेली, यापेक्षा मोठी नाचक्की नाही.

त्याच आठवड्यात झुराकाननं पेटी उघडली आणि मला अंगणात फेकलं.

"हे काय?" सागिनबायनं विचारलं.

"गाडीच्या नाकाला बांध. आधीची गोधडी फाटलीये ना?"

"अगं, पण हा पोरीचा..."

"कुठल्या पोरीचा?"

सागिनबायनं सुरी काढली. त्यानं मला चार भोकं पाडली, दोऱ्या ओवल्या आणि रेडिएटरवर बांधलं. थंडीत गाडीचं नाक झाकावं लागतं, नाहीतर घाटातला वारा इंजिनाला तापूच देत नाही. खाली ऊबदार खोऱ्यात उतरलं की मला गुंडाळून वर बांधायचं, चढ लागला की पुन्हा सोडायचं. हे माझं काम.

खरं सांगू? पहिल्या दिवशी मी रागानं फुटायचा बाकी होतो. शिंगांची नक्षी, हातानं घातलेला दोरा, आणि समोर काय तर चिखल. पण मग गाडी तापली. माझ्या पाठीला ऊब, तोंडाला बर्फ. अशा वेळी धड जागंही राहता येत नाही आणि धड झोपताही येत नाही. मागं इंजिन मोठ्या म्हाताऱ्या मेंढीसारखं श्वास घेतंय. पुढं पांढरा रस्ता, पांढरे डोंगर, हवेत चमकणाऱ्या बर्फाच्या सुया. कधीकधी वाटायचं रस्ता हलतोय आणि आम्ही जागच्या जागी आहोत. कधी वाटायचं तो रस्ता नाहीच, पिंजून पसरलेली लोकर आहे आणि आता कुणीतरी येऊन तिच्यावर उकळतं पाणी ओतणार.

गाडीवाले थांबून मला हात लावायचे. "काय कलाकुसर आहे! नाकाला बांधतात का असलं?" जोलदोश म्हणायचा, "सागिनची गाडी नवरी झालीये. रुखवत नाकावर घेऊन फिरते." सागिनबाय थुंकायचा आणि निघायचा.

प्रत्येक खेपेला वाटेत कोक-बुलाक लागायचं. गाव जवळ आलं की सागिनबाय रेडिओ मोठा करायचा, पाय दाबायचा आणि समोरच्या टेकडीकडे असं बघायचा जणू तिथं काही लिहिलंय. रस्त्याच्या कडेला पाण्याचा नळ. तिथं बादली घेऊन बेगाइम उभी असायची. ती बापाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघायची. पहिल्या हिवाळ्यात नुसती उभी असायची. दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तिच्या कोटाची बटणं लागेनात. मी सगळ्यात पुढं होतो, मला दिसलं. मागच्याला दिसलं नाही. मी किती ओरडलो! पण नमद्याचं ओरडणं म्हणजे वाऱ्यात फडफडणं. सागिनबाय गाव मागं टाकून उतरला आणि त्यानं दोऱ्या अजून घट्ट आवळल्या.

आता घाटाचा एक नियम सांगतो, कारण पुढं तो लागणार आहे. हिवाळ्यात बंद पडलेल्या गाडीला ओलांडून कुणी जात नाही. शत्रू असला तरी थांबायचं. आणि ज्याला मदत झाली त्यानं पैसे द्यायचे नाहीत. गाडीवरची एक वस्तू काढून द्यायची, आणि मदत करणाऱ्यानं ती घ्यायचीच. सागिनबायला मागं एकदा कुणीतरी खड्ड्यातून ओढून काढलं होतं, तेव्हा त्यानं आपला स्टोव्ह देऊन टाकला होता. टाकी शेकायचा, मोठ्या जाळाचा. नवा घेऊ घेऊ म्हणत राहिला.

मग त्याच हिवाळ्याच्या शेवटी तो दिवस आला. खाली खोऱ्यात बर्फ वितळलं होतं, पन्हाळी टपकत होत्या. टपरीवर सागिनबायनं नुकतीच नान मोडली होती, तेवढ्यात जोलदोश आला.

"गोड बातमी आणलीये. आधी बक्षीस काढ!"

"कसली बातमी?"

"बक्षीस आधी. रीत आहे, आजोबा."

सागिनबायनं मान वर केली.

"काय म्हणालास?"

"आजोबा म्हणालो. नात झालीये तुला कोक-बुलाकला. रांगायला लागेल आता. तुला माहीत नाही? माणसा, आठवड्याला दारावरून जातोस ना रे!"

सागिनबाय उठला. नान तशीच राहिली. गाडीत बसला, पुढच्या पहिल्या पंपावर टाकी भरली आणि निघाला. घाट चढणारा प्रत्येक जण पंपावर आधी एकच गोष्ट विचारतो, "हिवाळी डिझेल आहे ना?" खाली ऊब असली की पंपावर उन्हाळी डिझेलच विकतात आणि ते वरच्या थंडीत गोठतं. शेंबडं पोरगंसुद्धा विचारेल. सागिनबायनं विचारलं नाही. गोठू नये म्हणून घालतात ते रॉकेलही मिसळलं नाही.

चढ लागला. ऊन होतं, पण पांढरं, बिनउबेचं. कोक-बुलाक आलं. त्या दिवशी रेडिओ बंद होता, आणि पहिल्यांदाच त्यानं पाय उचलला. गाडी हळू झाली. मी तर दोऱ्या तोडायला निघालो होतो. पण नळावर कुणी नव्हतं. त्यानं क्षणभर तिकडं बघितलं, आणि पुन्हा पाय दाबला.

गावाच्या वरच्या वळणावर गाडी खोकली. पुन्हा खोकली. बंद पडली.

टाकीतलं डिझेल थिजलेल्या चरबीसारखं झालं होतं. सागिनबायनं फिल्टर काढून उघड्या हातात घासला. काही उपयोग नाही. आणि स्टोव्ह तर दिलेला. माझी पाठ गार पडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडून थंडी. मित्रांनो, मी घाबरलो. इंजिनातलं पाणी गोठलं तर इंजिन फुटणार, आणि इंजिन फुटलं की सागिनबायकडे दुसरं काही नाही.

खाली कोक-बुलाकचा धूर दिसत होता. चालत गेला असता तर निखारे मिळाले असते. पण तो गाडीत बसून राहिला. त्या धुराकडे बघत. असला हट्टी माणूस.

मग खालून घोड्याची घसरगाडी आली. तिच्यावर लोखंडी घमेलं, घमेल्यात शेणीचे लालभडक निखारे. पुढं एर्मेक, मागं मेंढीच्या कातड्याच्या कोटात बेगाइम.

"बाबा, इंजिनातलं पाणी सोडू नका, निखारे आणलेत," एर्मेक म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाडीनंच. ही घरात होती, म्हणाली, आमची गाडी खोकली."

बेगाइम टाकीपाशी वाकली. वास घेतला. "उन्हाळी भरलंत?"

सागिनबाय फिल्टर पुसत राहिला.

"मला लहानपणी कोण शिकवायचं? आधी विचारायचं, मग नळी लावायची."

"त्या जोलदोशनं डोकं फिरवलं."

"नळी जोलदोशनं लावली?"

एर्मेकनं हसू दाबलं आणि घमेलं टाकीखाली सरकवलं. सागिनबायला बघवेना. "लांब धर! टाकी आहे ती, चूल नाही."

"बरं, बाबा."

"अजून लांब."

"बरं."

"सारखं बरं बरं काय लावलंयस?"

"मग काय म्हणू?"

सागिनबायनं स्वतःच घमेलं वीतभर मागं ओढलं.

वारा निखाऱ्यांची ऊब पळवत होता. बेगाइमनं माझ्या दोऱ्या सोडल्या आणि मला आडोसा म्हणून टाकीवरून खाली सोडलं. माझा एक कोपरा करपला. मी हूं का चूं केलं नाही. तिचा हात माझ्यावर होता, आणि तिघं एकमेकांना चिकटून माझ्या आडोशाला बसले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे निखाऱ्यांकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं गाडी पुन्हा श्वास घ्यायला लागली.

आता नियम. "काही नको, बाबा," एर्मेक म्हणाला.

"नको कसं? घाटाची रीत आहे. घ्यावंच लागतं."

सागिनबाय गाडीत चढला. दोर उचलला, ठेवला. फावडं उचललं, ठेवलं. थर्मास उचलला, तोही ठेवला. मग खाली आला, टाकीवरून मला ओढलं, झटकलं आणि एर्मेकच्या हातात कोंबलं. बघत मात्र दुसरीकडेच होता.

"हा घे. जुनाय. वास येतो. घाटाची रीत म्हणून देतोय, दुसरं काही समजू नका."

"आम्ही काही समजलोच नाही," बेगाइम म्हणाली. तिचा अंगठा माझ्या काठावरून चालत वाकड्या टाक्यापाशी येऊन थांबला होता.

"पण गाडीचं नाक उघडं राहिलं," एर्मेक म्हणाला.

"घरी चला. माझी गोधडी देते," बेगाइम म्हणाली.

"उशीर होतोय मला."

तिनं कोटातून फडक्यात बांधलेली नान काढली आणि त्याच्यापुढं धरली. नानला नाही म्हणत नाहीत. त्यानं तुकडा मोडला, चावला. चावताना त्याची हनुवटी हलायला लागली ती थांबेचना. मग तो गाडीत बसला आणि गाडी खाली, गावाकडे वळवली.

घरात नातीला पुढं केलं तर म्हणतो, "हाताला डिझेल आहे."

"पोरगी पण डिझेलवाल्याचीच नात आहे. घ्या," बेगाइम म्हणाली.

त्यानं घेतली. मी दारात पडलो होतो, सगळं दिसत होतं. जास्त सांगत नाही.

त्या दिवशी गाडी नारीनकडे गेली ती नाकावर तुकड्यातुकड्यांची गोधडी बांधून. झुराकान लेकीचा टाका लांबून ओळखते. पुढच्या खेपेला गाडी कोक-बुलाकला थांबली तेव्हा दुसऱ्या बाजूचं दारही उघडलं.

अंगणात मला ताज्या बर्फावर टाकून बेगाइम काठीनं झोडत होती. झुराकान खाली उतरली आणि तिथूनच ओरडली, "अगं, पालथा घाल त्याला! तोंडावर काय मारतेस? एवढंही शिकवलं नाही का मी?"

"शिकवत होतीस. मधेच थांबलीस."

झुराकान जवळ आली. लेकीच्या हातातून काठी घेतली, मला पालथा केला आणि असं बडवलं की जन्माच्या लाथा आठवल्या. मग मला उलटून काठ बघितला.

"हा टाका अजून उसवला नाहीस?"

"नाही."

"राहू दे."

दोघींनी मला उचललं. खाली बर्फावर माझा काळा ठसा उरला होता. घाटाचा सगळा धूर, तेल, चिखल, आणि मधे दोन स्वच्छ शिंगं.

तर मित्रांनो, नमदा साबणानं धुऊ नका, बर्फावर पालथा घालून झोडा. आणि ज्याच्यासाठी केलाय त्याला वेळेत द्या. पेटीत ठेवू नका, रागानं तर नाहीच. मी जाड होतो म्हणून टिकलो. सगळंच काही इतकं जाड नसतं.

आता माझ्या पाठीला जमीन आहे आणि तोंडावर एक पोरगी रांगते. मुततेसुद्धा. मला राग येतो, स्वभावच आहे. पण डुलकी लागता लागता वळणावरून हॉर्न ऐकू येतो, ती पोरगी माझ्या शिंगांना धरून उभी राहायला बघते, आणि मी जमेल तेवढा घट्ट होतो.