खात्रीचा तुकडा

“गप रवा. बोललात की आकडो चढता,” असा दम भरून रत्नप्रभाने नवऱ्याच्या दंडावरचा पट्टा सारखा केला. अनंत मुकाट्याने खुर्चीला पाठ टेकून बसला. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन प्रेशरपायी दोनदा पुढे गेलं होतं, आणि उजव्या डोळ्याला आता गल्लीतला माणूसही ओळखू येत नव्हता. प्रेशर उतरल्याशिवाय तारीख मिळणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून कांदिवलीच्या लेकीने, ऋतिकाने, हे मशीन पाठवलं होतं.

रत्नप्रभाने सगळे नियम तोंडपाठ केले होते. मोजायच्या आधी चहा नाही, जिना चढून आल्या आल्या मोजायचं नाही, लघवी अडवून बसायचं नाही. नवऱ्याला ती अळणी जेवायला घाली आणि स्वतः मात्र भाताबरोबर खारवलेला सुका बांगडा खाई. त्याशिवाय तिचा घासच उतरत नसे.

एवढं करूनही आकडा चढाच आला आणि अनंत वैतागला. भांडुपच्या कारखान्यात त्याची उभी हयात लेथवर गेली होती. मापाचं हत्यार खोटं वाटलं, की ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असा तुकडा त्यात धरून बघायचा. तुकडा खरा आणि आकडा भलताच, म्हणजे हत्यार बिघडलं. घरात असा खात्रीचा तुकडा एकच होता. रत्नप्रभा कधी डॉक्टरची पायरी चढली नव्हती. डोकं ठणकलं तर कपाळाला बाम चोळून ती चार घरच्या पोळ्या लाटायला निघे.

“तुझो हात दी बघया,” तो म्हणाला.

“माका खंयची धाड भरतली?” म्हणत तिने हसत हात पुढे केला.

तिचा आकडा त्याच्याहूनही कितीतरी वर गेला. दोघं पोट धरून हसली. ते हसणं आठवलं की अजून अनंताच्या काळजात तुटतं. मशीन खोक्यात भरून परत गेलं. ऋतिका फोनवर म्हणाली होती की मशीन देतील बदलून, पण आईला एकदा दाखवून या. त्यावर, तुझ्या आईला काही होत नाही, असं अनंतानेच सांगितलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर कणीक मळता मळता रत्नप्रभा ओट्यापाशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. यांना प्रेशर होतं का, असं मुलुंडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं. अनंताने नाही म्हणून मान हलवली आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. तिने पुन्हा डोळे उघडले नाहीत.

दिवसकार्य उरकलं. अनंताची जेवणावरची वासना उडाली. शेजारणीने आणून दिलेल्या आमटीभाताचे दोन घास तो कसेबसे गिळी. वजन उतरलं, गाल बसले. थंडी सरता सरता तो एकटाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधून प्रेशर मोजलं आणि त्या खूश झाल्या. “छान उतरलंय की, काका. घरी चांगलंच लक्ष ठेवलेलं दिसतंय.”

त्यांनी तिथल्या तिथे ऑपरेशनची तारीख दिली. मग औषधांचं समजावता समजावता म्हणाल्या, “नंतर महिनाभर डोळ्यात थेंब घालावे लागतील. काकू घालतील ना?”

अनंताने वर सारलेली बाही सावकाश खाली ओढली.

“माझे मी घालीन,” तो म्हणाला. “कसे घालायचे, तेवढं दाखवून ठेवा.”